घरात पहिली तिजोरी घेताय? आधी भिंत बघा

तिजोरी बसवायला बोलावणारा माणूस फोनवर बहुतेक एकच वाक्य बोलतो: "तिजोरी आणलीये, तुम्ही फक्त कपाटात नीट बसवून द्या." कोथरूडमधल्या एका घरी असाच गेलो होतो. ऑनलाइन मागवलेली, आकड्यांच्या बटणांची, चकचकीत काळी पेटी. वजन अकरा किलो. घरातले काका म्हणाले, "भोकं नका पाडू, रंग नवीन आहे." मी काही न बोलता पेटी काखेत मारली, दार उघडलं, दोन मजले उतरून पार्किंगपर्यंत गेलो आणि परत वर आलो. म्हटलं, "काका, चोर इथे बसून कुलूप कशाला उघडेल? पेटी घरी नेईल, चहा पिऊन निवांत उघडेल." मग भोकं पाडली.

बावीस वर्षं हे काम करतोय. पहिल्यांदा तिजोरी घेणारा माणूस सगळा जीव कुलपात गुंतवतो आणि ज्या भिंतीवर ती उभी राहणार त्या भिंतीकडे बघतही नाही. तिजोरी म्हणजे विकत घेतलेला वेळ. जगात तिजोऱ्यांच्या चाचण्यासुद्धा मिनिटांतच मोजतात. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेची घरगुती तिजोरीची साधी पायरी आहे ती हत्यारांपुढे पाच मिनिटं टिकण्याची; त्यावरच्या एका पायरीचं नावच 'टीएल-१५', म्हणजे पंधरा मिनिटं. घरफोडी करणाऱ्याकडे वेळच नसतो. शेजारी जागा होईल, लिफ्ट वाजेल, कुत्रं भुंकेल. आपण त्याची मिनिटं वाढवायची, आणि ती कशी वाढतात तेच खाली क्रमाने सांगतो.

१. आधी सगळं पलंगावर मांडा

दुकानात जाण्याआधी एका दुपारी, दार लावून, जपायच्या सगळ्या वस्तू एकत्र काढा. कपाटातल्या, डाळीच्या डब्यातल्या, देवघराच्या खणातल्या, सासूबाईंनी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ठेवलेल्या. आता ढीग करा. पहिला, आठवड्याला हात लागणाऱ्या गोष्टी: दोन-चार बांगड्या, छोटं मंगळसूत्र, अडीनडीची रोकड. दुसरा, सणावाराचं आणि लग्नकार्याचं: पाटल्या, तोडे, ठुशी, कोल्हापुरी साज, चपलाहार. तिसरा, हरवले तर पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतील असे कागद: मूळ खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्र, पासपोर्ट.

चौथा ढीग सगळ्यात मोठा होतो, आणि त्याला तिजोरीत जागा देऊ नका. सातबाऱ्याचे जुने उतारे (डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या पोर्टलवरून केव्हाही काढता येतो), आधारच्या झेरॉक्स, मोडलेल्या एफडीच्या पावत्या, गेलेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड. लोकांच्या तिजोऱ्या या चौथ्या ढिगानेच भरतात आणि मग "लहान पडली हो" म्हणून फोन येतो.

२. बँकेत काय, घरात काय

माझ्या पोटावर पाय आणणारं बोलतो: दुसऱ्या ढिगाची जागा बँकेच्या लॉकरमध्ये. वर्षातून चारदा लागणाऱ्या तोड्यांसाठी घरात किल्ला बांधायचं कारण नाही.

पण लॉकरचे नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख. आजच्या भावात तोड्यांची एक धड जोडी त्यात बसत नाही. भूकंप, पूर, वीज पडणं यांत ही जबाबदारी मुळातच नाही. बँकेने आपल्या बाजूने काळजी घेतलेली असली म्हणजे झालं. आत काय आहे ते बँकेला माहीत नसतं, त्यामुळे त्याचा विमाही ती काढत नाही. लॉकरच्या करारात रोकड ठेवायला मनाई असते. आणि सात वर्षं लॉकर उघडलाच नाही, तर भाडं वेळच्या वेळी भरलेलं असलं तरी बँक पुढची कारवाई करू शकते. म्हणून वर्षातून एकदा तरी जाऊन या.

घराच्या तिजोरीला उरतो पहिला आणि तिसरा ढीग. तिजोरी लहान लागते ती यामुळेच.

३. आग की चोर?

दुकानदार सांगत नाही ती गोष्ट ही: आगीपासून वाचवणारी तिजोरी आणि चोरापासून वाचवणारी तिजोरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही कामं चोख करणारी मिळते, पण तिचं वजन आणि किंमत दोन्ही तुमच्या मजल्याला झेपेल असं नाही.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटलं. त्यावर दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. आजूबाजूची वस्ती आणि गोदामं जळाली. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना सापडत राहिल्या. सोन्याचं तसंच असतं. ते १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि वितळलं तरी सोनंच राहतं. गोळा घेऊन सराफाकडे जाता येतं. कागदाचं तसं नाही. तो सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास पेट घेतो, त्याच्या बऱ्याच आधी करपून अक्षरं जातात. कागदांसाठीच्या यूएल चाचणीत म्हणूनच अट अशी असते की भट्टीचं तापमान तासाभरात सव्वानऊशे अंशांपर्यंत चढलं तरी तिजोरीच्या आत १७७ च्या वर जाता कामा नये.

हे जमतं कसं? आगीच्या तिजोरीत पत्र्याच्या दोन पातळ थरांमध्ये सिमेंटसारखा मसाला भरलेला असतो आणि त्यात पाणी बांधलेलं असतं. ताप लागला की त्या पाण्याची वाफ होते, ती उष्णता खाते, आत गार राहतं. दाराच्या कडेची पट्टी फुगून फट बुजवते. पण पत्रा पातळ! पहार घातली की तीच तिजोरी डब्यासारखी उचकटते. उलट चोरासाठीची जाड पोलादाची तिजोरी आगीत तव्यासारखी तापते, आणि आतला कागद भाकरीसारखा भाजून निघतो.

आपल्या घराघरांतल्या लोखंडी कपाटातला लॉकर यातलं कुठलंच काम करत नाही. तो एकेरी पत्र्याचा कप्पा आहे. मुलांपासून आणि पाहुण्यांपासून वस्तू जपायला ठीक.

माझा सल्ला सरळ आहे. घरात दागिने जास्त असतील तर चोरासाठीची घ्या, आणि कागदांसाठी आगीची छोटी पेटी वेगळी घ्या. कागदच जास्त असतील तर आगीची घ्या आणि दागिने बँकेत पाठवा. "फायरप्रूफ" एवढंच स्टिकर असेल आणि किती मिनिटं, कोणत्या चाचणीत, हे लिहिलेलं नसेल, तर ते स्टिकर दुकानातच राहू द्या. दाराच्या आतल्या बाजूची पाटी वाचा. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. युरोपातल्या मालावर ईएन १४४५० (एस१, एस२) असेल तर ती हलक्या प्रतीची पेटी, ईएन ११४३-१ आणि पुढे ग्रेडचा आकडा असेल तर खरी तिजोरी. पेनड्राइव्ह, हार्डडिस्क कागदाच्या तिजोरीत वाचेलच असं समजू नका; त्यांच्यासाठीची चाचणी वेगळी आहे आणि तिची मर्यादा फक्त ५२ अंशांची आहे. फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, काम संपलं.

पाण्याचंही बोलायला हवं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला, त्याआधी २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला घरंच्या घरं पाण्याखाली गेली. आगीची तिजोरी म्हणजे पाण्याची नव्हे. नदीकाठी तळमजल्यावर राहत असाल तर तिजोरी फरशीवर ठेवू नका, मागच्या पुराची रेघ भिंतीवर जिथे होती तिच्या वर बसवा. आणि कुठेही राहत असा, कागद झिपच्या प्लॅस्टिक पाकिटात घालूनच आत ठेवा. आग विझवायला आलेला बंबही पाणीच मारतो.

४. माप

बाहेरचं माप बघून फसू नका. जाहिरातीत लिटर लिहितात. आतून ३५ × ४० × ३० सेंटिमीटर म्हणजे ४२ लिटर. पण लिटरने कागद मावत नाहीत. तुमचं जुनं खरेदीखत लीगल साइझच्या कागदावर असेल, म्हणजे लांबी साधारण ३६ सेंटिमीटर. तेवढी खोली किंवा रुंदी आतून नसेल तर ते घडी घालून ठेवावं लागतं, आणि वीस वर्षांनी त्या घडीवरच फाटतं. सगळ्यात लांब कागद आणि सगळ्यात मोठी दागिन्यांची डबी दुकानात घेऊन जा आणि आत ठेवून बघा. डबी रिकामीच न्या, हे सांगायला नको.

५. कुलूप

यात फार अडकू नका. लीव्हरची किल्ली जुनी, भरवशाची. फक्त किल्ली सांभाळावी लागते. आकड्यांचं बटणवालं सोयीचं, सेल संपतात. बोटाचा ठसा वेगवान. पण भांडी घासून, शेतात राबून ज्यांची बोटं गुळगुळीत झाली त्यांचा ठसा तो ओळखत नाही, आणि घरातल्या आजींना तो पहिल्याच दिवशी नको होतो. अगदी स्वस्त इलेक्ट्रॉनिक पेट्यांमध्ये एक उणीव असते: आतला खटका कमकुवत असतो आणि वरून नेमका दणका बसला की दार सुटू शकतं. दुकानात "आतला बोल्ट मोटरवर चालतो का?" असं विचारा. दुकानदार गोंधळला तर समजून घ्या.

६. जागा

चोर सगळ्यात आधी बेडरूमचं मोठं कपाट उघडतो. मग गादी, मग देवघर, मग स्वयंपाकघरातले डबे. आपल्या आज्यांनी उतरंडीच्या तळच्या मडक्यात पैसे ठेवले ते त्या काळी शहाणपणाचं होतं, आता तो उपाय चोरालाही पाठ आहे. अडगळीच्या खोलीतलं खालचं फडताळ, अभ्यासाच्या टेबलामागचा कोपरा, पोटमाळ्याच्या जिन्याखालची पोकळी अशा जागा बघा. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा. ती आतून ओली असते. खिडकीतून किंवा मुख्य दारातून दिसेल अशी जागाही नको.

तिजोरी शक्यतो दोन भिंतींच्या कोपऱ्यात आणा, आणि दाराची कुलपाची बाजू भिंतीकडे येईल असं बघा. पहार चालवायला हात मागे घ्यावा लागतो. तिथे भिंत असली की जोरच मिळत नाही. बिजागरीची बाजू मोकळी राहते, तिकडून दार उघडायला तुम्हाला अडचण येत नाही.

जड तिजोरी घेत असाल तर मजल्याचा विचार करा. घराच्या खोल्यांची फरशी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखलेली असते. ३०० किलोची तिजोरी अर्ध्या मीटरच्या चौकोनावर उभी केली तर तेवढ्या जागेपुरता तो हिशोब चौरस मीटरला १,२०० किलोवर जातो. तेवढ्याने स्लॅब लगेच खाली येतो असं नाही, पण खोलीच्या मध्यावर ती उभी करू नका. तुळईला किंवा भिंतीला लागून ठेवा, आणि इमारत जुनी असेल तर आधी इंजिनियरला विचारा. वाड्यात राहणाऱ्यांनी लाकडी पाटणीवर जड तिजोरी चढवायचा विचारच सोडा.

७. भिंत आणि बोल्ट

आता मुख्य काम. हे स्वतः करणार असाल तर नीट वाचा, मिस्त्री करणार असेल तर त्याच्या शेजारी उभे राहा.

तिजोरीच्या पाठीला आणि बुडाला कारखान्यातूनच भोकं असतात. ती नसतील तर तिजोरी परत करा. युरोपच्या मानकात १,००० किलोपेक्षा हलक्या तिजोरीला जखडायची सोय असलीच पाहिजे, असा नियम आहे. हजार! आपली अकरा किलोची.

तिजोरी जागेवर ठेवा, आतून पेन्सिलने भोकांच्या खुणा भिंतीवर करा, तिजोरी बाजूला घ्या. वर-खाली सरळ रेषेत कुठे स्विचबोर्ड आहे का बघा. असेल तर त्या रेषेत ड्रिल लावू नका, आत वायरीचा पाइप असतो. मग एका खुणेवर ड्रिल चालवा आणि बाहेर पडणारी भुकटी हातावर घ्या. भिंत काय आहे ते भुकटीच सांगते.

प्लॅस्टर संपल्यावर लाल भुकटी आली तर विटांची भिंत. चांगली पकड मिळते, फक्त दोन विटांच्या सांध्यात भोक येऊ देऊ नका. राखाडी भुकटी येतेय आणि ड्रिल अडून अडून पुढे जातंय, तर काँक्रीट; यासारखं उत्तम काही नाही. पांढरी, पिठासारखी भुसभुशीत भुकटी भराभर आली तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. नव्या इमारतींत बहुतेक हेच असतात. यात साधा फास्टनर (आवळला की भोकात फुगून धरणारा बोल्ट) ठोकलात तर तो आज घट्ट वाटेल आणि उद्या दोन हिसक्यांत बाहेर येईल, कारण फास्टनर फुगतो आणि ब्लॉक चुरतो. इथे केमिकल अँकर लागतो: भोकात रसायन भरायचं, त्यात सळी बसवायची आणि ते सुकेपर्यंत हात लावायचा नाही. नाहीतर भिंत सोडून जमिनीला जखडा. आणि जुन्या वाड्यात ड्रिल लावल्यावर मातकट, ओलसर भुगा आला तर काम थांबवा. त्या पांढऱ्या मातीच्या भिंती आहेत, त्यांत खिळा टिकतो, बोल्ट नाही.

जमिनीत बसवताना लक्षात ठेवा की टाइलखाली स्लॅब लगेच सुरू होत नाही; मध्ये वाळू-सिमेंटचा भराव असतो. बोल्ट भरावाच्या पार जाऊन स्लॅबमध्ये रुतला पाहिजे. मात्र स्लॅब साधारण पाच-सहा इंचांचाच असतो, तेव्हा उत्साहात आरपार जाऊ नका. खालच्या मजल्यावरचे लोक पंख्याशेजारी ड्रिलचं टोक बघून आनंदी होत नाहीत. टाइल फुटू नये म्हणून सुरुवातीला ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने भोक पाडा, मग हॅमर चालू करा.

भोक पाडून झालं की आतली भुकटी काढा. हे नव्वद टक्के मिस्त्री टाळतात, असं मला वाटतं. सायकलचा पंप किंवा बारीक नळी घ्या आणि दोन-तीनदा फुंका. डोळ्यांवर चष्मा हवा. भुकटी राहिली तर फास्टनर भिंतीला न धरता भुकटीला धरतो. मग तिजोरी परत ठेवा, आतून दहा किंवा बारा एमएमचे फास्टनर वॉशरसकट घाला आणि पान्याने आवळा. चार भोकं असतील तर चारही भरा. कपाटाच्या प्लायवुडला स्क्रू मारून "फिट झाली" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. प्लाय पहारीने बिस्किटासारखा तुटतो. तिजोरी कपाटातच हवी असेल तर प्लायला भोक पाडून बोल्ट मागच्या भिंतीपर्यंत न्या.

शेवटी दार उघडं ठेवून, दोन्ही हातांनी धरून, पाय भिंतीला लावून ओढा. जरा जरी हलली तर पुन्हा करा.

भाड्याच्या घरात? घरमालकांना विचारा, सोडताना भोकं बुजवून देईन म्हटलं की बरेच जण तयार होतात. नाहीच म्हणाले तर तिजोरी घेऊ नका, लॉकर घ्या. मोकळी पेटी म्हणजे चोरासाठी केलेली पॅकिंग.

८. पहिला दिवस

कारखान्याचा कोड बदला. स्वस्त पेट्यांमध्ये तो सगळ्या नगांना एकच असतो आणि माहितीपत्रकात छापलेला असतो. मास्टर कोड वेगळा असेल तर तोही बदला. बदलता येत नसेल तर ती तिजोरी घेऊ नका. नवा कोड म्हणून जन्मसाल, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख नको. दार उघडं ठेवूनच नवा कोड चार-पाच वेळा चालवून बघा. दांडे बाहेर येताहेत, आत जाताहेत, याची खात्री पटल्याशिवाय दार लावू नका.

आणीबाणीची किल्ली तिजोरीत ठेवू नका. हसू नका. दर दोन-तीन महिन्यांनी असा एक फोन येतोच: "सेल संपलेत आणि किल्ली आत आहे."

९. किल्ली

एका आजींकडे जुनी तिजोरी आहे, सासऱ्यांच्या वेळची, पितळी मुठीची, दार ढकलायला खांदा लावावा लागतो. तेल-पाणी करायला गेलो. म्हटलं, "आजी, किल्ली?" त्यांनी शेजारचं कपाट उघडलं, तिसऱ्या खणातल्या नारायणपेठीच्या घडीत हात घातला आणि किल्ली काढून दिली. वर हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नको हो." मी कुणाला सांगणार! महाराष्ट्रातल्या अर्ध्या किल्ल्या तिसऱ्या खणातल्या साडीच्या घडीतच असतात, आणि चोर साड्या झटकतोच.

किल्ली सोपी पडली की शंभर किलोचं पोलाद फुकट. यात विम्याचीही मेख आहे. घरफोडीच्या पॉलिसींमध्ये सहसा कलम असतं की तिजोरी तिच्याच किल्लीने किंवा डुप्लिकेटने उघडून चोरी झाली असेल, तर भरपाई नाही. धाकदपटशाने किंवा मारहाण करून किल्ली घेतली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे किल्ली साडीत सापडली तर दागिनेही गेले आणि क्लेमही.

एक किल्ली अंगावर किंवा रोजच्या पर्समध्ये. दुसरी दुसऱ्या घरी, बहिणीकडे, भावाकडे, किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. किल्लीला "तिजोरी" अशी चिठ्ठी बांधू नका. किल्लीवर नंबर कोरलेला असेल तर तो वहीत टिपून घ्या आणि किल्लीचा फोटो कुणाला पाठवू नका. फोटोवरून किल्ली बनवता येते. गावी जाताना घरातली किल्ली घरात राहता कामा नये. आणि घरात माणसं असताना कुणी सुरा घेऊन समोर उभा राहिलाच, तर किल्ली द्या. ११२ ला फोन नंतर लावता येतो.

१०. पावसाळा

कोकणात आणि गोव्यात चोरापेक्षा बुरशीनेच जास्त नुकसान केलेलं मी बघितलंय. एका घरी सप्टेंबरात तिजोरी उघडली तर आधी कुबट वास आला, ओल्या पोत्यासारखा. स्टॅम्पपेपरवर काळे-हिरवे ठिपके, रबर बँड वितळून नोटांना चिकटलेला, आणि चांदीचं तबक तव्यासारखं. आगीच्या तिजोरीत तर मसाल्यातलं पाणीही थोडं थोडं आत झिरपतं, त्यामुळे ती बंद ठेवली की आत दमट होतेच.

महिन्यातून दोनदा कोरड्या दुपारी अर्धा तास दार उघडं ठेवा, तुम्ही समोर बसून. सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांचं पोट भरलं, बदला. चांदीला रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. मलमलीत गुंडाळून ठेवा. मोत्यांचं उलटं. नथ, तन्मणी यांना फार कोरडी हवाही सोसत नाही. त्यांना प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात, सिलिकाच्या उराशी ठेवू नका. मऊ सुती कापडात, वेगळ्या डबीत ठेवा आणि अधूनमधून अंगावर घाला. हिऱ्याची अंगठी मोत्यांच्या डबीत टाकली तर मोत्यांवर ओरखडे उठतात, म्हणून त्यांचे शेजार वेगळे करा.

११. वही, फोटो, विमा

प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. वजन आणि पावती टिपा. हॉलमार्कच्या नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. भिंगाने वाचून तो लिहून ठेवा. पोलिसांकडे "दोन पाटल्या, जुन्या घडणीच्या" असं सांगणं वेगळं आणि वजन, फोटो, एचयूआयडीसकट यादी पुढे करणं वेगळं. ही यादी तिजोरीत ठेवू नका, अर्थातच.

विम्यात एक गैरसमज फार आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी देतात. ती आग, पूर, वादळ अशांसाठी चांगली आहे. पण साध्या घरफोडीला मूळ पॉलिसी धरत नाही. आग-पुरासारखी घटना घडून त्यापायी सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तिच्यात येते. दागिनेही आपोआप येत नाहीत, मौल्यवान वस्तूंचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. घरफोडीचा विमा वेगळा घ्या आणि घेताना दोन प्रश्न विचारा: दागिने तिजोरीत असण्याची अट आहे का, आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं.

१२. कुणाला माहीत असावं

घरात दोघांना. एकालाच माहीत असेल आणि तो माणूस आयसीयूत गेला, तर घरच्यांना मेडिक्लेमचे कागद काढायला माझ्यासारख्याला बोलवावं लागतं. अशा वेळी लोकांचे चेहरे बघवत नाहीत. दोघांपेक्षा जास्त जणांना मात्र नको. तिजोरी घरी आणताना खोकं झाकून आणा, आणि रिकामं खोकं सोसायटीच्या कचऱ्याजवळ उभं करून ठेवू नका. कामाला येणाऱ्या मावशींवर संशय घेत बसू नका, पण त्यांच्यासमोर कोडही दाबू नका. कोड बदललात की बटणं पुसा. रोज दाबली जाणारी चार बटणं झिजून चकाकतात आणि कोडातले आकडे कुठले ते सांगतात.

सेल वर्षातून दोनदा बदला, पाडव्याला आणि दसऱ्याला. अल्कलाइनच घाला, साधे सेल पाझरून आतली पट्टी खातात. दसऱ्याला शस्त्रपूजेत पान्याची पूजा झाली की त्याच पान्याने बोल्ट एकदा आवळून घ्या. लक्ष्मीपूजनाला तिजोरीला हळदकुंकू वाहता, ते दाराच्या वरच्या कोपऱ्यात वाहा. एका घरी ते बटणांवर वाहिलं जायचं, दर वर्षी, श्रद्धेने. चौथ्या वर्षी १ आणि ४ ही बटणं कुंकवाने घट्ट बसली, कोड होता ४१ ने सुरू होणारा, आणि किल्ली होती नाशिकला मुलाकडे. भाऊबीजेला वहिनींना घालायचा हार आतच राहिला. मी पोचलो तोवर ओवाळून झालं होतं. मला करंज्या मिळाल्या.